टाकी तळाला जाण्याआधी

घरी विमान बांधणाऱ्याच्या कामात एक दिवस असा येतो की त्यानंतर पंखातल्या टाकीत पुन्हा हात घालता येत नाही. फासळ्या आणि पत्रे यांच्यातल्या फटी सीलंटने भरून झालेल्या असतात, इंधन ओढून घेणारी नळी जागेवर बसलेली असते आणि आता मागची भिंत रिव्हेट करून टाकी कायमची बंद करायची असते. इंधन कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा बसवायची की नाही, बसवायची तर टाकीच्या कोणत्या कोपऱ्यात आणि तळापासून किती उंचीवर, हे त्या दिवसाआधी ठरलेले हवे. नंतर ठरवले तर तयार टाकीला भोक पाडावे लागते, आत पडलेला धातूचा कीस काढत बसावे लागते आणि एक नवा सांधा गळतो का याची काळजी कायमची मागे लागते. किटच्या नकाशांत रिव्हेटचा व्यास, पत्र्याची जाडी, बोल्ट किती आवळायचा, सगळे दिलेले असते. हा निर्णय मात्र पुष्कळदा बांधणाऱ्यावर सोडलेला असतो. ही पुस्तिका त्या एका निर्णयाविषयी आहे.

घरी बांधलेले विमान ही कल्पना जिथे खरोखर रुजली तो देश अमेरिका. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. तिचा वार्षिक मेळा १९७० पासून ऑशकॉशला भरतो आणि जुलैअखेरच्या त्या आठवड्यात लोकांनी गॅरेजमध्ये बांधलेली विमाने रांगेने उभी असतात. तिथल्या कायद्यात अशा विमानांसाठी वेगळा वर्ग आहे. विमानाचा निम्म्याहून मोठा भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः बांधलेला असला पाहिजे, ही त्याची मुख्य अट. बांधणाऱ्यांच्या बोलण्यात तिला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. विमान तयार झाले की सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या हद्दीतच उडवून ते पारखायचे असते. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली ऑरेगनमध्ये सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या किटमधून बांधलेली दहा हजारांहून अधिक आरव्ही विमाने आजवर उडाली आहेत. इतक्या लोकांनी हे केले आहे, यावरून त्या छंदाची खोली कळते.

महाराष्ट्रालाही हे चित्र अगदीच अनोळखी नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात अनेकांनी पाहिले असेल. त्याची नोंदणी होण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, ती २०१७ साली झाली. अशा माणसासाठी आपल्याकडे पायवाटसुद्धा नव्हती. अमेरिकेतल्या बांधणाऱ्याला रस्ता मिळतो, आणि त्या रस्त्यावर त्याला फार मोठे स्वातंत्र्यही मिळते. प्रमाणित विमानाला लागू असणारे रचनेचे नियम त्याच्या विमानाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. इंधनाचा कॉक कुठे बसवायचा, गेज कुठले लावायचे, इशारा ठेवायचा की नाही, हे तो ठरवतो. माझा या स्वातंत्र्यावर विश्वास आहे. हलक्या विमानांत गेल्या पन्नास वर्षांत आलेल्या कित्येक चांगल्या गोष्टी याच गॅरेजमधून आल्या. म्हणूनच हे स्वातंत्र्य इंधनाच्या बाबतीत कसे वापरले जाते, याकडे बारकाईने पाहायला हवे.

अमेरिकेतले वाहतूक अपघातांचा तपास करणारे मंडळ, एनटीएसबी, याने २०१७ साली वैमानिकांसाठी एक सूचनापत्र काढले. २०११ ते २०१५ या काळात इंधनाच्या नियोजनातल्या चुकांमुळे खासगी विमानांचे वर्षाला सरासरी पन्नासहून अधिक अपघात झाले, असे त्यात म्हटले आहे. यंत्र किंवा गेज बिघडल्यामुळे झालेले त्यांतले फारच थोडे. पंचाण्णव टक्के प्रकरणांत माणसाचा निर्णय किंवा दुर्लक्ष कारण ठरले. मंडळ या अपघातांचे दोन प्रकार करते. एकात विमानातले वापरता येण्याजोगे सगळे इंधन संपते. दुसऱ्यात विमानात इंधन असते, पण ते इंजिनापर्यंत पोहोचत नाही. कॉक रिकाम्या टाकीकडे वळवलेला राहतो, किंवा टाकीला हवा पुरवणारी नळी, म्हणजे व्हेंट, तुंबते, किंवा दुसऱ्या टाकीकडे वळायला उशीर होतो. जवळजवळ सगळे लोक इशाऱ्याचा विचार पहिल्या प्रकारासाठी करतात. दुसऱ्या प्रकाराचा विचार केल्याशिवाय सेन्सरची जागा ठरवता येत नाही, हे या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येईल.

या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण १२ ऑक्टोबर १९९७चे आहे. गायक जॉन डेन्व्हर त्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथून लाँग-ईझी जातीचे, घरी बांधलेले विमान घेऊन निघाले. बर्ट रुटान यांनी रचलेले हे विमान. बांधलेले दुसऱ्याच कोणी होते, डेन्व्हर यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. मूळ नकाशात इंधनाचा कॉक वैमानिकाच्या समोर, दोन्ही पायांच्या मध्ये आहे. या विमानाच्या बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत, हा त्यामागचा विचार होता. टाक्यांतली पातळी दाखवणाऱ्या काचा मागच्या सीटजवळ होत्या आणि त्यांच्यावर आकड्यांच्या खुणा नव्हत्या. उड्डाणाआधी विमानतळावरच्या तंत्रज्ञाने डेन्व्हर यांना मागच्या काचा पाहता याव्यात म्हणून छोटा आरसा दिला. कॉकची मूठ हाताला नीट येत नव्हती, म्हणून ती लांबवता येते का हेही पाहून झाले. पेट्रोल भरायचे का, असे विचारले तेव्हा तासभरच उडायचे आहे म्हणून डेन्व्हर नको म्हणाले. थोड्याच वेळात पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याजवळ विमान समुद्रात कोसळले. डेन्व्हर ५३ वर्षांचे होते.

तपासात असे दिसले की मागचा कॉक फिरवण्यासाठी अंग वळवताना वैमानिकाचा उजवा पाय नकळत रडरवर दाबला जातो आणि विमान हातातून जाते. मंडळाने कारण म्हणून तेच नोंदवले आणि त्याच्या जोडीला इंधन न भरण्याचा निर्णयही. कॉकची अवघड जागा, मूठ आणि काचांवर नसलेल्या खुणा, या विमानाचा अपुरा सराव, हेही त्यात आले. हा अहवाल मी प्रत्येक बांधणाऱ्याला वाचायला सांगतो. त्या कॉकपिटमध्ये कमी इंधनाचा दिवा असता तर काय झाले असते? कदाचित तो आधी लागला असता आणि उंची व वेळ हाताशी असताना कॉक फिरवला गेला असता. पण कॉक खांद्यामागेच राहिला असता. म्हणून या पुस्तिकेचा पहिला आग्रह असा आहे की दिवा लागल्यावर वैमानिकाने जे करायचे, ते पट्टा न सोडता, मान न वळवता, नजर बाहेर ठेवून करता आले पाहिजे. ते जमत नसेल तर आधी कॉक हलवा, मग सेन्सर विकत घ्या.

इंधन मोजण्याचा इतिहास पाहिला तर सुरुवातीच्या लोकांनी फार साध्या, आणि साध्या म्हणूनच भरवशाच्या वाटा शोधल्या होत्या. १९३०च्या दशकातल्या पायपर जे-३ कब या विमानाची टाकी वैमानिकाच्या समोर, काचेपुढे असे. टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असे आणि तारेच्या खालच्या टोकाला बूच. पेट्रोल कमी होईल तशी तार खाली जाई. त्यात वीज नव्हती आणि वैमानिकाची नजर पुढे पाहताना आपोआप तारेवर पडे. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ साली अटलांटिक ओलांडताना कोणत्या टाकीवर इंजिन किती वेळ चालले याच्या खुणा पेन्सिलने समोरच्या पॅनेलवर केल्या. साडेतेहतीस तासांच्या त्या प्रवासात इंधनाचा हिशेब घड्याळ आणि पेन्सिल यांच्यावर चालला.

आपल्याकडे ज्यांनी जुनी चेतक स्कूटर चालवली आहे, त्यांना इशाऱ्याचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या स्कूटरला पेट्रोलचा काटा नव्हता. टाकीतून कॉककडे जाणाऱ्या दोन वाटा होत्या, एकीचे तोंड उंचावर आणि दुसरीचे तळाशी. पेट्रोल उंच तोंडाच्या खाली गेले की इंजिन गचके खाऊ लागे, हात खाली जाई, कॉक रिझर्व्हवर फिरे आणि पुढचा पंप गाठण्याइतके पेट्रोल उरलेले असे. या व्यवस्थेतल्या तीन गोष्टी मला विमानाच्या टाकीतही हव्या आहेत. इशारा प्रत्यक्ष पेट्रोलच्या पातळीतून येत होता, कोणाच्या अंदाजातून नाही. इशारा आल्यावर किती उरले आहे, हे आधीपासून माहीत होते. आणि उपाय हाताजवळ होता. तिच्यातला दोषही तितकाच शिकवणारा आहे. कॉक आधीच्या फेरीत रिझर्व्हवरच राहून गेला असेल तर इशारा येतच नसे, आणि तो येणार नाही हे कळायलाही मार्ग नसे. स्कूटर रस्त्याच्या कडेला ढकलत नेता येते. इंजिन थांबलेले हलके विमान साधारण एकास नऊ-दहा या प्रमाणात उतरत येते. ३०० मीटर उंचीवर असेल तर तीन किलोमीटरच्या आत जे शेत, रस्ता किंवा किनारा सापडेल तोच त्याचा विमानतळ.

मग काटा आहे ना, असे कोणीही विचारेल. काटा आहे, पण पंखातल्या टाकीत काट्याचे काम फार कठीण आहे. टाकी लांब, रुंद आणि उथळ असते. पंख टोकाकडे थोडा उचललेला असतो, म्हणून पेट्रोल मुळाकडे जमते. आरव्हीसारख्या विमानात तरंगता फ्लोट मुळाजवळच्या भागात असतो. टाकी पूर्ण भरली की तो वरच्या पत्र्याला टेकतो आणि पुढचे कित्येक लिटर खर्च होईपर्यंत काटा भरलेलीच टाकी दाखवत राहतो. नाक वर केले की पेट्रोल मागे जाते, उतरताना पुढे येते. शेपटीवर उभे राहणारे विमान जमिनीवर एक आकडा दाखवते आणि हवेत दुसरा. अर्थिंग सैल झाले की काटा आणखी वेगळे काही सांगतो. प्रमाणित विमानांच्या जुन्या अमेरिकी नियमांत असे म्हटले होते की सरळ उड्डाणात वापरण्याजोगे इंधन संपते तेव्हा काट्याने शून्य दाखवले पाहिजे. यातून वैमानिकांत एक समजूत पसरली की शून्याला बरोबर असला म्हणजे झाले, एरवी काटा काहीही दाखवो. तो नियम शून्य कुठे धरायचे हे सांगतो. एरवी चुकीचा काटा चालेल, असा परवाना त्यात कुठेही नाही. ही समजूत मनातून काढूनच पुढचे वाचावे.

अलीकडच्या घरी बांधलेल्या विमानांत पडद्यावर दशांशापर्यंत उरलेले इंधन दिसते. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक छोटे फिरते चक्र बसवलेले असते. ते फिरेल तसे विजेचे ठोके पडतात आणि त्यांवरून किती पेट्रोल गेले हे मोजले जाते. ही मापनपद्धत फार अचूक आहे, आणि धोका नेमका त्या अचूकतेमुळे येतो. यंत्र मोजते ते इंजिनाकडे गेलेले पेट्रोल. टाकीत सुरुवातीला किती होते, हे त्याला वैमानिकाने सांगितलेले असते. त्याने टाकी पूर्ण भरली असे सांगितले आणि ती चार बोटे कमी असली, किंवा झाकण नीट न बसल्याने पंखावरच्या वाऱ्याने पेट्रोल बाहेर ओढले गेले, किंवा एखादा सांधा गळत असला, तर पडदा शेवटच्या क्षणापर्यंत अचूक दिसणारा चुकीचा आकडा दाखवत राहील. मला हे साधन आवडते, त्याशिवाय लांबचे उड्डाण करू नये असेच मी म्हणेन. पण ते हिशेब ठेवते, टाकीत डोकावत नाही.

या पुस्तिकेचे म्हणणे इथे एकवटते. कमी इंधनाचा इशारा काट्यापासून वेगळा, हिशेबापासून वेगळा आणि शक्य तितका पडद्यापासूनही वेगळा हवा. त्याचा स्वतःचा सेन्सर, स्वतःचा फ्यूज, स्वतःचा दिवा. काट्याचा सिग्नल घेऊन तो एका आकड्याखाली गेला की दिवा लावणे सोपे आहे, आजचे बहुतेक पडदे ते करू देतात, आणि म्हणून पुष्कळ बांधणारे तेवढ्यावर थांबतात. त्यात काटा अडकला की इशाराही अडकतो. दोन साधने एकाच चुकीने एकाच वेळी बंद पडणार असतील तर त्यांची गणती एकच करावी.

सेन्सरचे प्रकार थोडेच आहेत. फ्लोटमध्ये चुंबक आणि दांडीत बंद काचेतला छोटा स्विच, हा सर्वांत जुना आणि समजायला सोपा प्रकार. फ्लोट दांडीवर अडकू शकतो, एवढीच त्याची तक्रार. एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांमधल्या विद्युतधारितेवरून पातळी ओळखणारा प्रकार काट्यासाठी उत्तम, पण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तो फसतो. शुद्ध पेट्रोलचा विद्युत गुणांक हवेच्या साधारण दुप्पट असतो, इथेनॉलचा विसाहून जास्त. मिश्रणातले प्रमाण बदलले की सगळी मापे सरकतात. भारतात पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागल्यापासून हा मुद्दा आपल्या वाचकांसाठी पुस्तकी राहिलेला नाही. तिसरा प्रकार प्रकाशाचा, आणि मी तोच सुचवतो. पारदर्शक प्लास्टिकच्या टोकदार बोंडामागे अवरक्त प्रकाशाचा दिवा आणि तो टिपणारा भाग असतो. बोंड हवेत असेल तेव्हा प्रकाश त्याच्या तिरक्या कडांवर आपटून आतच परत फिरतो; बोंड पेट्रोलमध्ये बुडाले की तो बाहेर निसटतो. हलणारा भाग नाही, अडकण्यासारखे काही नाही, इथेनॉलचा फरक नगण्य. बोंडावर थेंब लोंबकळत राहिला किंवा वर्षानुवर्षांचा चिकट थर बसला तर मात्र सेन्सर अजून पेट्रोल आहे असे समजतो, म्हणून वार्षिक तपासणीत ते काढून पुसता येईल अशी जागा निवडायची. आट्यांवर इंधनाला टिकणारे सीलंट लावायचे, टेफ्लॉनची टेप कधीही नाही. टेपचे तुकडे सुटून नळीत जातात आणि ज्या इंजिनाला वाचवायचे त्याचेच तोंड बुजवतात.

जागेविषयी सविस्तर प्रकरण पुढे आहे, पण त्यातला एक भाग इथेच सांगावासा वाटतो, कारण त्याने माझे स्वतःचे विचार बदलले. किटफॉक्ससारख्या वर पंख असलेल्या विमानांत दोन्ही पंखांतले पेट्रोल उताराने सीटमागच्या छोट्या हेडर टाकीत येते आणि तिथून इंजिनाकडे जाते. या हेडर टाकीच्या वरच्या भागात सेन्सर बसवला तर तो दोन्ही प्रकारच्या संकटांचा इशारा देतो. पंख रिकामे झाले तरी हेडरची पातळी उतरू लागते, आणि पंखात भरपूर पेट्रोल असून वाट तुंबली, व्हेंटमध्ये कीटकाने घर केले, कॉक चुकून बंद राहिला, तरीही तीच पातळी उतरू लागते. संकट कोणते आहे हे दिवा सांगत नाही, पण हेडरला होणारा पुरवठा थांबला आहे हे नक्की सांगतो. पंखातल्या टाकीत कितीही चांगला सेन्सर बसवला तरी त्याला हे जमणार नाही. फक्त हेडरला वर पंखाकडे जाणारी हवेची नळी हवी. ती नसली तर हवेचा बुडबुडा वर अडकून राहतो आणि हेडर भरतच नाही.

आता मिनिटांचा हिशेब. समजा रोटॅक्स ९१२ जातीचे इंजिन सरळ उड्डाणात ताशी १८ लिटर पेट्रोल घेते आणि हेडरमध्ये पाच लिटर मावते. दिवा लागल्यापासून इंजिनाकडे साधारण पंधरा-सोळा मिनिटे आहेत, आणि त्यांतली शेवटची दोन-तीन मोजू नयेत. अमेरिकेत दिवसा, नजरेच्या आधारे उडताना मुक्कामी पोहोचून अर्धा तास पुरेल इतके इंधन धरूनच निघावे लागते; रात्री पाऊण तास. म्हणजे हेडरचा दिवा लागला तेव्हा तो राखीव साठाही निम्मा संपलेला आहे. असा दिवा शेवटचा इशारा म्हणून ठीक आहे, पहिला म्हणून नाही. पहिला दिवा पंखातल्या टाकीत, अर्ध्या तासाच्या इंधनाला लागणारा असावा: या उदाहरणात नऊ लिटर, अधिक टाकीच्या तळाशी पडून राहणारे, इंजिनाला कधीच न मिळणारे. नीट आखलेल्या उड्डाणात तो कधीच लागू नये. तो लागला म्हणजे काहीतरी ठरल्याप्रमाणे घडलेले नाही, इतका त्याचा अर्थ स्वच्छ राहिला पाहिजे. आरव्हीसारख्या खाली पंख असलेल्या, डावी-उजवी टाकी आलटून पालटून वापरण्याच्या विमानात हा नियम तसाच पाळता येत नाही, कारण तिथे एक टाकी मुद्दाम खाली नेणारे वैमानिक असतात. अशा विमानात दोन स्वतंत्र दिवे लागतात, कोणती टाकी हे सांगणारे, आणि पातळी थोडी खाली धरावी लागते. हा गुंता पुस्तिकेत सर्वांत जास्त पाने घेतो.

दिव्याबद्दल थोडक्यात. रंग पिवळा-केशरी, लाल रंग तत्क्षणी कृती मागणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे इंधनाचा किंवा तेलाचा दाब गेल्यासाठी राखून ठेवावा. दुपारच्या उन्हात काचेच्या छताखाली दिसेल इतका तेजस्वी आणि रात्री मंद करता येईल असा. हेडफोनमध्ये आवाजही द्यावा. वळताना आणि खडबडीत हवेत पेट्रोल हेलकावते, म्हणून सर्किटमध्ये काही सेकंदांचा विलंब घालतात. माझे मत असे की लागताना विलंब थोडा आणि विझताना लांब असावा. वळणात एकदा लागलेला दिवा सरळ होताच विझला तर वैमानिक त्याला हेलकावा समजून सोडून देतो. आणि वायर तुटली, जोड सुटला, सेन्सरला वीज मिळेनाशी झाली, तर दिवा लागलाच पाहिजे. सर्किटची मांडणी तशी करायची: पेट्रोल आहे, वायर शाबूत आहे, सेन्सर जागा आहे, हे सगळे एकाच वेळी खरे असेल तेव्हाच दिवा विझलेला. जुन्या स्कूटरचा दोष इथे दुरुस्त होतो. दिव्याचा बल्बच गेला असेल तर ते मात्र सर्किटला कळत नाही, म्हणून दाबून पाहण्याचे बटण, आणि उड्डाणापूर्वीच्या यादीत त्याची एक ओळ.

काही गोष्टी या पुस्तिकेत नाहीत. इंधनाच्या नियोजनाचे धडे नाहीत, त्यासाठी चांगली पुस्तके आहेत. कोणत्या कंपनीचा सेन्सर घ्यावा याची शिफारस नाही, कारण बाजार बदलतो. उड्डाणात टाकी पूर्ण रिकामी करून पाहावी का, या वादात मात्र मी शिरलो आहे, आणि माझे उत्तर असे की ते करायचे तर धावपट्टीच्या माथ्यावर, भरपूर उंचीवर आणि दुसरी टाकी भरलेली असताना. आकृत्यांतली मापे लिटरमध्ये आहेत. किटच्या कागदांत अमेरिकी गॅलन असतील तर एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर.

मराठीत हे का, असे विचारणारे भेटतील. आपली मुले अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्वतः रचलेली छोटी विमाने उडवतात, काही पुढे परदेशात जाऊन आरव्ही किंवा किटफॉक्स बांधायला घेतील, काही कदाचित इथेच नवी वाट पाडतील. टाकी, कॉक, व्हेंट, काटा हे त्यांचे रोजचे शब्द आहेत. ज्या भाषेत माणूस मोटारसायकल उघडून बसतो, त्या भाषेत विमानाच्या टाकीबद्दल विचार करणे त्याला सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या प्रकरणापासून हातात काम आहे, वाचून ठेवून देण्यासारखे त्यात फारसे नाही. लागणारे साहित्य असे: लेव्हल, शेपटीला टेकू द्यायला घोडी, अर्थिंगची वायर, अग्निशामक, मोकळी हवेशीर जागा आणि खात्रीचे मापन असलेले दोन लिटरचे भांडे. विमान सरळ उड्डाणातल्या बैठकीत आणायचे, टाकी पूर्ण निथळवायची आणि दोन-दोन लिटर ओतत प्रत्येक वेळी काटा आणि दिवा काय सांगतात ते लिहून घ्यायचे. दिवा कोणत्या लिटरला विझला ते एक टिपण. मग उलट दिशेने, काढत जाताना तो कोणत्या लिटरला लागला ते दुसरे. हे दोन आकडे एकच येणार नाहीत. दोहोंतला दुसरा आकडा, मिनिटांत बदलून, दिव्याखालच्या पट्टीवर कोरायचा आहे.